बाजारातून आणलेल्या शिंगराचा पहिला हिवाळा: चंदी-वैरणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, त्यानंतर थोड्याच दिवसांत नांदेडकडे माळेगावची खंडोबाची यात्रा येते. दोन्हीकडून दरवर्षी कितीतरी मारवाडी, काठेवाडी आणि भीमथडी शिंगरं टेम्पोत चढून नव्या घरी जातात. आईपासून नुकतंच तुटलेलं, सहा ते दहा महिन्यांचं, अनोळखी दावणीला बांधलेलं हे पोर, आणि वर डिसेंबर-जानेवारीची थंडी. नवा मालक घाबरतो आणि हाताला येईल ते गव्हाणीत टाकतो. खालचे प्रश्न अशाच मालकांचे आहेत. उत्तरं देताना मोठेपणी साडेतीनशे ते चारशे किलो भरणारा देशी घोडा डोळ्यासमोर ठेवला आहे.

शिंगरू आजच घरी आलं. आज त्याला काय घालू?

कोमट पाणी आणि चांगलं कोरडं गवत. आज चंदी (दाण्याचा खुराक) नको. प्रवासात ते धड पाणी प्यायलेलं नसतं, आणि कोरड्या आतड्यात दाणा पडला की पोटशूळाला आमंत्रणच. बाजारातून निघताना व्यापाऱ्याकडून त्याच्या वैरणीचं एखादं पोतं मागून घ्या. पैसे मागितले तर द्या, शिंगराच्या किमतीपुढे ते काहीच नाहीत. पहिले सात-दहा दिवस जुनी वैरण कमी करत नवी वाढवत न्यायची. घोड्याच्या मोठ्या आतड्यात वैरण कुजवून पचवणारे जिवाणू असतात आणि नव्या चाऱ्याशी जुळवून घ्यायला त्यांना तेवढा वेळ लागतोच.

दोन-तीन आठवडे त्याला घरच्या घोड्यांपासून लांब बांधा आणि बादली, घमेलं वेगळं ठेवा. बाजारात शेकडो जनावरांनी एकमेकांच्या तोंडाला तोंड लावलेलं असतं. कोवळ्या शिंगरांमध्ये जबड्याखाली गाठी होऊन पू धरणारा आजार तिथूनच येतो. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी झाल्याचा कागदही खरेदीच्या वेळीच पाहायचा असतो, घरी आल्यावर नाही.

व्यापारी म्हणाला सहा महिन्यांचं आहे. मला लहान वाटतं. कसं ओळखू?

तोंड उघडून पुढचे दात पाहा. मधले दात जन्मानंतर आठवड्याभरात आणि त्यांच्या शेजारचे दीड महिन्याच्या आसपास येतात. कोपऱ्यातले सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान येतात. कोपरे अजून पूर्ण बंद असतील तर ‘नऊ-दहा महिन्यांचं’ या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. चार महिन्यांच्या आतलं निघालं तर हे पान पुरेसं नाही. त्याला दुधाचा आधार लागेल, तेव्हा पशुवैद्यांना लगेच दाखवा.

फारच हडकुळं आहे. लवकर अंगावर यावं म्हणून भरपूर चंदी द्यायला हरकत आहे का?

हरकत आहे, आणि मोठी आहे. बाजारातल्या शिंगरांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

वाढ दबलेल्या शिंगराला अचानक भरपूर दाणा मिळाला की ते झपाट्याने वाढतं. मालक खूश होतो, शेजारी ‘काय सुधारलं हो’ म्हणतात. पण हाडाच्या टोकाला, जिथून हाड लांब होतं, तिथला कुर्चेचा थर त्या वेगाने पक्का होत नाही. मग गुडघ्याच्या वर आणि खुराच्या वरच्या सांध्याजवळ सूज येते. कधी हाडं लांब होतात आणि मागच्या शिरा तेवढ्या वेगाने लांबत नाहीत, तेव्हा शिंगरू टाचा उचलून खुराच्या टोकावर उभं राहतं. सांध्याच्या आत कुर्चेचा तुकडा सुटला तर तो दोष जन्मभर राहतो आणि विकतानाही लपत नाही.

पहिला आठवडा चांगलं गवत मन मानेल तितकं द्या. त्याच्या जोडीला थोडी सुकवलेली लसूणघास, मिनरल मिक्स्चर आणि दिवसभरात फार तर अर्धा किलो चंदी दोन-तीन वेळांत विभागून. पुढे दर तीन-चार दिवसांनी शंभर-दीडशे ग्रॅमने वाढवत न्या. या वयाचं देशी शिंगरू रोज साधारण पाचशे ते सहाशे ग्रॅम वाढलं की त्याची गाडी रुळावर आहे. महिन्याला पंधरा ते अठरा किलो. यापेक्षा वेगाची घाई गिऱ्हाइकाला असते, शिंगराला नसते.

हाडांचा सापळाच उरला असेल, उभं राहतानाही लटपटत असेल, तर मात्र पहिल्या दिवसापासून पशुवैद्यांच्या सांगण्याप्रमाणेच घाला. उपाशी शरीरात एकदम दाणा गेला तर रक्तातले क्षार बिघडून जीव जाऊ शकतो.

वजनकाटा नाही. वजन कसं काढू?

शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या हाडापर्यंत लांबी घ्या. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा. आईपासून नुकत्याच तोडलेल्या शिंगरासाठी १०,१०० ने भागा, वर्षाच्या आसपासच्यासाठी १०,९०० ने. येईल ते वजन किलोमध्ये.

उदाहरणार्थ घेर १२५ आणि लांबी ११२ असेल तर वजन १७३ किलोच्या आसपास येतं. मोठेपणी ४०० किलो होणाऱ्या घोड्याचं सहाव्या महिन्याचं वजन साधारण एवढंच असतं. पाच-दहा किलोची चूक होतेच, पण दर पंधरा दिवसांनी त्याच माणसाने, त्याच वेळी, चंदीच्या आधी मोजलं तर चढ-उतार बरोबर कळतो. आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

मग रोज नेमकं किती द्यायचं?

वाढत्या शिंगराला कोरड्या हिशेबाने वजनाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास खाणं लागतं, थोडं जास्त खाल्लं तरी चालतं. हिरव्या चाऱ्यात पाणीच जास्त असतं हे विसरू नका. पाच किलो ओल्या लसूणघासेत कोरडा ऐवज किलोभरच निघतो.

वर मोजलेल्या १७०-१७५ किलोच्या शिंगराचा एक दिवस असा मांडता येईल. चांगलं कोरडं गवत किंवा ओटाचं सुकवलेलं गवत अडीच किलो, हे किमान, उरलं तर गव्हाणीत राहू द्या. हिरवी लसूणघास सहा किलो. चंदी दीड किलो: त्यात भरडलेला ओट किंवा जव ७०० ग्रॅम, हरभरा ४०० ग्रॅम, सोयाबीनची डीओसी (तेल काढून उरलेली पेंड) २५० ग्रॅम आणि गव्हाचा कोंडा १५० ग्रॅम. वर मिनरल मिक्स्चर ३० ग्रॅम आणि मीठ १५ ते २० ग्रॅम.

हा मेळ का घातला तेही सांगतो. या वयाच्या शिंगराला दिवसाला साधारण ५४० ग्रॅम प्रथिनं, ३१ ग्रॅम कॅल्शियम आणि १७ ग्रॅम फॉस्फरस लागतो. वरच्या मांडणीत प्रथिनं थोडी जास्तच बसतात, आणि कॅल्शियम फॉस्फरसच्या पावणेदोन पटीच्या आसपास राहतं. ते दीड ते दोन पट असावं. फॉस्फरस कॅल्शियमच्या वर गेला की हाडं पोखरायला सुरुवात झाली समजा.

डीओसी पाहून काही जुनी मंडळी नाक मुरडतात. पण शिंगराचं मांस-हाड बांधायला लायसिन नावाचं अमिनो आम्ल लागतं आणि तृणधान्यात ते फार कमी असतं. सोयाबीनमध्ये ते भरपूर असतं आणि लातूर-वाशीमच्या पट्ट्यात डीओसी सहज मिळते. कच्चं सोयाबीन मात्र घालू नका. त्यातला पचन रोखणारा घटक भाजल्या-शिजवल्याशिवाय जात नाही.

दीड किलो चंदी एकाच तोबऱ्यात नको. तीन वेळा अर्धा-अर्धा किलो. आधी वैरण, मग चंदी, हा क्रम पाळला की पोर दाण्यावर अधाशासारखं तुटून पडत नाही.

थंडीत खुराक वाढवावा लागतो ना?

आपल्याकडे जेवढं वाटतं तेवढा नाही. अंगावर हिवाळी केस आलेलं, कोरडं राहिलेलं आणि पोटभर वैरण खाणारं शिंगरू शून्य अंशाच्या आसपासपर्यंत अंगातली उष्णता सांभाळून घेतं. निफाडला, धुळ्याला पारा चार-पाच अंशांवर आला की वर्तमानपत्रात फोटो येतात, पण शिंगराला तिथवर वेगळा खुराक लागत नाही. लडाख-काश्मीरकडचं गणित वेगळं.

खरंच कडाका पडला, झोंबरं वारं सुटलं किंवा अवकाळी पावसात शिंगरू भिजलं, तर रात्रीची वैरण वाढवा. दाणा नाही. काडी-गवत मोठ्या आतड्यात आंबतं आणि त्या आंबण्यातून तासन् तास ऊब निघत राहते, दाण्यातून निघते ती त्या मानाने थोडी. रात्री दहाला गव्हाणीत टाकलेलं दीड किलो कोरडं गवत पहाटेच्या गारठ्यात कामाला येतं.

मग बाजरी, गूळ, तूप, अंडी, बदाम? आमच्याकडे थंडीत हे सगळं देतात.

देतात खरं, आणि बहुतेक वेळा ते मालकाच्या समाधानासाठी असतं.

बाजरी ओटाऐवजी थोडी चालते. ती दळून किंवा शिजवून द्यावी लागते, कारण अख्खा बारीक दाणा तसाच लिदीतून बाहेर पडतो. तिच्यात कॅल्शियम नगण्य असतं. लिंबाएवढा गूळ औषध खपवायला ठीक. पाव किलोचा रतीब लावू नका. तुपापेक्षा साधं सोयाबीनचं तेल बरं आणि स्वस्त. हडकुळ्या शिंगराला दोन-तीन चमच्यांपासून सुरू करून दिवसाला पन्नास-साठ मिलिलिटरपर्यंत नेलं तर दाणा न वाढवता ताकद मिळते. अंड्यातली प्रथिनं उत्तम असतात यात वाद नाही, पण दोन अंड्यांत बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं, तेवढी तीस ग्रॅम डीओसीत येतात. बदाम पोरांना द्या.

आमच्याकडे हिवाळ्यात कडबा, उसाचं वाढं आणि नेपियर (हत्ती गवत) एवढंच असतं. चालेल का?

चालवावं लागतं हे मान्य, पण यातला धोका डोळ्यांना दिसत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कारखाने सुरू झाले की पश्चिम महाराष्ट्रात वाढं जवळपास फुकटात मिळतं. नेपियर तर बांधावर बाराही महिने उभा असतो. दोन्हींत ऑक्झलेट असतं. ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला पकडून ठेवतं, त्यामुळे चाऱ्यात कॅल्शियम असूनही ते रक्तात शिरत नाही. मग शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडांतून ते उपसायला लागतं. मोठ्या घोड्यात याचे परिणाम दिसायला महिने लागतात. शिंगराचं हाड अजून बनतंच आहे, त्यामुळे त्याला ते लवकर भोवतं. चाल आखडते, पाय बदलत बदलत कधी या तर कधी त्या पायाने लंगडतं. पुढे नाकाच्या दोन्ही बाजूंची हाडं फुगून तोंड जाडजूड दिसू लागतं. तोंडाची ती सूज नंतर पूर्ण ओसरतेच असं नाही.

कडब्यात ही अडचण नाही, पण डिसेंबरात घरात असतो तो बहुधा मागच्या उन्हाळ्यातला. रब्बीची ज्वारी अजून शेतात आहे. जुन्या कडब्यात प्रथिनं चार टक्क्यांच्या आसपास आणि हिरव्या चाऱ्यातलं ‘अ’ जीवनसत्त्व जवळपास संपलेलं. ताटं जाड असतील तर कुट्टी करून द्या, नाहीतर शिंगरू पानं ओरबाडतं आणि निम्मा कडबा पायाखाली जातो.

यातून मार्ग असा. वाढं किंवा नेपियर एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका. जोडीला रोज चार-सहा किलो लसूणघास हवीच. तिच्यात कॅल्शियम भरपूर असतं. स्वतःचं पाणी असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात एक-दोन गुंठे लसूणघास आणि शेजारी ओट टाका. शिंगराचा हिवाळा त्यावर निघतो आणि पेंडीचा खर्च वाचतो. लसूणघास मिळतच नसेल तर मिनरल मिक्स्चरच्या सोबत पशुखाद्याच्या प्रतीची कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी रोज २५ ते ३० ग्रॅम चंदीत कालवा, म्हणजे दहा ग्रॅमभर कॅल्शियम जातं. पान खायचा चुना नव्हे, तो तोंड भाजतो.

आणि कोवळी किंवा पाण्याअभावी खुरटलेली हिरवी ज्वारी शिंगराला कधीच नको. तिच्यातल्या विषाने गाय मरते, आणि घोड्यालाही ती बाधू शकते.

गव्हाचा कोंडा घोड्याला चांगला म्हणतात. पोटभर द्यावा का?

नाही. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-दहा पट असतो. शंभर-दीडशे ग्रॅम इतर गोष्टींच्या मेळात ठीक. घमेलंभर कोंडा रोज खाणाऱ्या शिंगराला वर सांगितलेला तोंड फुगण्याचा आजार नेपियरशिवायही होतो. जुन्या काळी गिरणीवाल्यांच्या घोड्यांना तो इतका होई की इंग्रजीत त्याला गिरणीवाल्याचाच आजार म्हणत.

हरभरा की हुलगा? भिजवून की भरडून?

दोन्ही चालतात. हरभऱ्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि लायसिनही बऱ्यापैकी. मराठ्यांच्या पागांपासून घोड्याच्या चंदीत हरभरा आहे तो उगाच नाही. अख्खा कोरडा हरभरा शिंगराच्या दातांना जड जातो आणि पोटात फुगतो. तो भरडून तासभर किंवा अख्खा रात्रभर भिजवून द्या. हिवाळ्यात भिजवलेला दाणा सकाळी बर्फासारखा गार होतो, तेव्हा त्यावर गरम पाणी टाकून कोमट करा. मोड येऊ दिले तरी हरकत नाही, वास आला तर फेकून द्या.

हुलगा शिजवूनच. कच्च्यात पचन रोखणारे घटक असतात.

सरकी पेंड, शेंगदाणा पेंड आणि गाईची गोळी पेंड घरातच आहे. तीच दिली तर?

तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. सरकीत गॉसिपॉल नावाचा विषारी घटक असतो आणि लायसिन कमी. म्हशीचं ठीक आहे, शिंगराला नको. शेंगदाणा पेंड खायला गोड, पण साठवण ओली असेल तर बुरशीचं अफ्लाटॉक्सिन यकृत खातं, आणि लायसिन हिच्यातही कमीच. ताजी, कोरडी, वासाला स्वच्छ असेल तर शंभर ग्रॅमपर्यंत. तरी डीओसी बरी.

गोळी पेंडीबद्दल मात्र स्पष्ट नाही म्हणतो. गाई-म्हशींच्या काही खाद्यांत आणि कोंबड्यांच्या खाद्यांत मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन नावाचं औषध घातलेलं असतं. गाईला जी मात्रा मानवते ती घोड्याच्या हृदयाचे स्नायू मारते, आणि त्यावर उतारा नाही. पिशवीवर प्रत्येक घटक छापलेला असेलच असं नाही, आणि एकाच गिरणीत दोन प्रकारची खाद्यं निघत असतील तर एकाचं अवशिष्ट दुसऱ्यात जातं. गाईच्या गव्हाणीत उरलेली पेंड शिंगराला टाकण्याची सवय ज्या गोठ्यात असेल तिथे ती आजपासून बंद करा. शिंगरू संधी मिळाली की गाईच्या गव्हाणीत तोंड घालतं, म्हणून तिथवर पोचणार नाही एवढाच दोर ठेवा.

मुरघास आणि मका?

मुरघास (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) शिंगराला नको. पिशवीला भोक पडून आत बिघाड झाला तर त्यात बोटुलिझमचं विष तयार होऊ शकतं. गाईच्या मानाने घोडा त्याला फार लवकर बळी पडतो.

मका थोडा, भरडून, आणि पूर्ण वाळलेलाच. ऑक्टोबरच्या पावसात भिजलेल्या मक्याच्या कणसांवर गुलाबी-पांढरी बुरशी धरते. तिचं विष घोड्याचा मेंदू अक्षरशः विरघळवतं. चार दाणे काळे म्हणून निवडून बाकीचे घालणं हा उपाय नाही, अख्खं पोतं बाद. मक्याच्या ताटांच्या कुट्टीलाही हाच नियम.

लसूणघास खाल्ली की पोट फुगतं. काय करावं?

दव असलेली, कोवळी, उपाशीपोटी आणि ढीगभर दिली की फुगणारच. सकाळी कापून दुपारपर्यंत सावलीत पसरून सुकवा, आधी कोरडं गवत खाऊ द्या, मग ती द्या. कापून ढीग घालू नका, आतून तापते आणि आंबते. फुलोऱ्याला लागलेली कापणी कोवळीपेक्षा सुरक्षित.

हिवाळ्यात पाणी कमी पितं. चालतं का?

चालत नाही. कोरड्या वैरणीवरच्या या आकाराच्या शिंगराला दिवसाला दहा ते पंधरा लिटर पाणी लागतं. सकाळी हौदातलं पाणी इतकं गार असतं की ते दोन घोट घेऊन तोंड काढतं, आणि पोटात कडब्याचा गोळा अडकतो. हिवाळ्यातला पोटशूळ बहुतेक असाच सुरू होतो. सकाळ-संध्याकाळ एक-एक बादली कोमट पाणी द्या, बोअरचं ताजं उपसलेलं पाणीही बऱ्यापैकी कोमट असतं. चंदीतलं मीठ बंद करू नका, त्यानेच तहान लागते. लीद कोरडी, लहान गोळ्यांची, चकचकीत दिसली की पाणी कमी पडतंय.

झूल घालावी का?

निरोगी, केसाळ शिंगराला महाराष्ट्रात गरज नाही. वाऱ्याची बाजू बंद करा आणि खाली कोरडं काड पसरा. झूल घातलीच तर रोज काढून अंगावर हात फिरवा. दाट केसांखाली बरगड्या कधी वर आल्या ते झुलीमुळे आणखीच कळत नाही.

बरगड्यांचं म्हणाल तर हलक्या हाताने चाचपल्यावर लागाव्यात, लांबून मोजता येऊ नयेत. दाबूनही लागल्या नाहीत तर शिंगरू लठ्ठ होतंय. लोक त्याची वाहवा करतात, पण ते वजन त्याच्या कोवळ्या पायांवरच पडत असतं.

उंची वाढवण्याची पावडर मिळते. द्यावी का?

उंची आई-बापाकडून येते. पावडर ती वाढवत नाही, वाईट खाणं मात्र ती खुंटवतं. सहाव्या महिन्यात शिंगरू आपल्या अंतिम उंचीच्या ८३ टक्क्यांच्या आसपास पोचलेलं असतं, वर्षाला ९० टक्क्यांच्या घरात. म्हणजे सहा महिन्यांचं शिंगरू १२५ सेंटिमीटर असेल तर मोठेपणी १५०. हा हिशेब बाजारातच केला तर ‘साठीच्या (साठ इंचांच्या) वर जाईल’ अशा बोलण्यावर पैसे जात नाहीत. डब्यावर घटक छापलेले नसतील ती पावडर स्टिरॉइडची असू शकते, आणि स्टिरॉइडने हाडांची वाढीची टोकं वेळेआधी बंद होऊ शकतात.

गुडघ्यावर आणि खुराच्या वरच्या सांध्याशी गाठी आल्यात. चंदी बंद करू?

धान्य निम्म्यावर आणा, प्रथिनं आणि खनिजं काढू नका. बरेच जण घाबरून सगळंच बंद करतात आणि फक्त कडब्यावर टाकतात. मग हाड बांधायला लागणारा मालही तुटतो. गवत, लसूणघास, डीओसीचा वाटा आणि मिनरल मिक्स्चर चालू ठेवा. खूर समतल आहेत का ते नालबंदाकडून पाहून घ्या. लगेच पशुवैद्यांना दाखवा, कारण सांध्याच्या आत बिघाड आहे की बाहेरच आहे हे एक्स-रेशिवाय कळत नाही.

आणि दिवसभर बांधून ठेवू नका. मोकळं चाललं-धावलं तरच हाड घट्ट होतं. वाडीत सोडायला जागा नसेल तर सकाळ-संध्याकाळ हाताने चालवा. लुंजिंगला (लांब दोरीवर) गोल गोल पळवणं मात्र या वयात नको, एकाच बाजूचा ताण सांध्यांवर येतो. लग्नसराईत नाचवायला, मिरवणुकीत न्यायला वर्षा-दीड वर्षाचं शिंगरू वापरतात तेही या गाठींचं एक कारण आहे. ते थांबवा.

पोट सुटलंय पण बरगड्या दिसतात. खाणं तर भरपूर आहे.

जंत. लहान शिंगरांच्या आतड्यात वीतभर किंवा त्याहूनही लांब पांढरे गोल जंत असतात, आणि तुम्ही घातलेल्या चंदीवर आधी ते जेवतात. लिदीची तपासणी करून पशुवैद्य सांगतील ते औषध, वजनाच्या हिशेबाने द्या. जंत फार असतील तर जोरदार औषधाने ते एकदम मरून आतड्यात बोळा बसू शकतो. म्हणून मेडिकलमधून आणून अंदाजाने तोंडात ओतणं धोक्याचं. औषध झाल्यावर दोन दिवस चंदी हलकी ठेवा.

निकृष्ट कडब्यावरच्या शिंगराचंही पोट सुटतं. तिथे लसूणघास आणि डीओसीने महिन्याभरात फरक दिसतो.

फेब्रुवारीत काय बदलायचं?

आणतानाच नऊ-दहा महिन्यांचं असलेलं शिंगरू तोवर वर्षाच्या जवळ आलेलं असतं, वजन अडीचशे किलोच्या घरात. वाढीचा वेग मंदावतो, दिवसाला साडेतीनशे-चारशे ग्रॅमवर येतो. आता वाढीव खाणं वैरणीतून द्या. गवत चार ते पाच किलो, लसूणघास सात-आठ किलो, चंदी मात्र दीड-पावणेदोन किलोवरच राहू द्या. मिनरल मिक्स्चर ४० ग्रॅम.

याच सुमारास नवा कडबा खळ्यावर येतो. तो गोड असतो, शिंगरं त्यावर तुटून पडतात, तेव्हा जुन्यात मिसळूनच सुरू करा. वर्षभराचा कडबा भरतानाच गवताच्या गंजीचंही पाहून ठेवा. कोकण-मावळातून येणारं डोंगरी गवत पावसाळा संपल्यावर स्वस्त असतं, मार्चनंतर भाव चढतात. गंजीतली एक पेंढी मधून ओढून वास घ्या. धूळ उडाली किंवा कुबट वास आला तर ती गंजी सोडून द्या, त्या धुळीने शिंगराला खोकला धरतो आणि उन्हाळाभर जात नाही.